पाचर

सोलापूर म्हटलं की चादर. फार तर टॉवेल आणि शेंगाचटणी. पण अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत मागांच्या खडखडाटातून मधेच एक वेगळा ठोका ऐकू येतो. या शेडमध्ये हातोडे बनतात. गवंड्यासाठी, गॅरेजवाल्यासाठी आणि टेंडर लागलं तर लष्करासाठी.

लष्कर म्हटलं की आपल्याला बंदुकाच दिसतात. पण गाडी दुरुस्त करायला पाने लागतात, खंदक खणायला कुदळ-फावडं लागतं, तंबूचे खुंट ठोकायला हातोडा लागतो.

बाजारात गिऱ्हाईक हातोडा हातात तोलून घेतं. सरकारी खरेदीत तो मोजला जातो. पोलादी हातोड्यांसाठी आयएस ८४१ हे भारतीय मानक आहे. तोंड कडक हवं, नाहीतर घावागणिक पसरत जातं. दांडा बसतो तो भाग मात्र तितका कडक ठेवायचा नाही, तिथं तडा जातो. म्हणून पाणी द्यायचं ते तोंडालाच. जुने कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग बघून हे करतात, आणि बहुतेकदा बरोबर करतात. तपासणीत ‘बहुतेकदा’ला किंमत नसते. लॉटमधले नमुने उचलतात. ते नापास झाले तर अख्खा लॉट नाकारला जाऊ शकतो.

मग दांडा. ओलसर लाकूड बसवलं की पुढं वाळून आकसतं आणि डोकं निसटतं. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या पुढं. त्याला शिव्या सगळेच देतात, पण दांडे वाळवायला तो फुकटात मिळतो. वाळलेला दांडा, वरून पाचर.

खरी पाचर कागदात आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव, असली की बयाणा रक्कम, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत, माफ. २०१६ साली जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल आलं, घरबसल्या बोली लावता येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी राखीव ३५८ वस्तूंच्या यादीत हातअवजारंही आहेत. ऐकायला गोड! शिवाय नियम असा, की सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि लहान उद्योजकाचा दर त्याच्या वर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच कमी दरात काही माल पुरवायची संधी त्याला मिळते. पण वस्तूच राखीव म्हटल्यावर मोठी कंपनी मैदानात येतेच कुठं? समोर असतो जालंधर-लुधियानाचा कारखानदार. तोही लघुउद्योजकच. तिथं अवजारांचीच बाजारपेठ उभी आहे, इथं सगळी गल्ली सूतवाल्यांची. सवलत दोघांनाही सारखीच, मग उरतो फक्त दर.

आणि पैसे? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. व्याज मागितलंत का, असं विचारल्यावर मालक हसतात.

“मागता येतंय की ओ. पण पुढच्या टेंडरला त्याच दारात जायचंय.”

संध्याकाळ. पेट्या भरून झाल्यात, टेम्पो दारात उभा आहे. म्हातारा कारागीर शेवटच्या पेटीतला एक हातोडा उचलतो, कानाशी नेऊन हलवतो.

“मालक, हा सैल वाटतोय.”

“एकच आहे का?”

तो काही बोलत नाही. बंद केलेल्या दुसऱ्या पेटीची पट्टी कापायला घेतो.