भिंगाचा नंबर

(दृश्य: शनिवार पेठ, वाड्याचा लाकडी जिना. खिडकीशी टेबल.)

हे टेबल चाळीस वर्षं प्रुफांचं होतं. अप्पा बळवंत चौकातून गठ्ठे यायचे, काका लाल शाईनं तपासून परत पाठवायचे. आता टेबलावर एकच फाईल आहे. डोळ्यात बसवलेल्या भिंगाची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू आहे, म्हणून नाव घेत नाही. काकाच म्हणू.

(दृश्य: डिस्चार्ज कार्डाची मागची बाजू, जवळून.)

हे स्टिकर नीट बघा. मॉडेल, लॉट नंबर, सिरीयल नंबर, भिंगाची पॉवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जे भिंग आणतात, त्याच्या खोक्यात अशी स्टिकरं असतात. एक केसपेपरवर लागतं, एक पेशंटच्या कागदांवर. बऱ्याच घरांत ते औषधांच्या बिलांबरोबर रद्दीत जातं. काकांना कागद टाकवत नाही, म्हणून राहिलं. अख्खी तक्रार या स्टिकरवर उभी आहे.

(दृश्य: काचेची लहान बाटली.)

आणि हे भिंग. काकांच्या डाव्या डोळ्यातून काढलेलं. काढताना कापावं लागलं, म्हणून दोन तुकडे. अख्खा गोल जेमतेम ६ मिलिमीटरचा, पाण्यासारखा स्वच्छ असायला हवा. इथे तो तांदळाच्या धुवणासारखा दिसतोय. काढलेलं भिंग टाकून देतात, हे ऐकून मुलगी थिएटरच्या दाराशी उभी राहिली आणि लेखी अर्ज देऊन तिनं ते मागून घेतलं.

१९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं भिंग बसवलं, ते कडक प्लॅस्टिकचं. हल्लीची मऊ भिंगं घडी घालून ३ मिलिमीटरपेक्षा लहान छेदातून आत जातात आणि तिथे उलगडतात. त्यातल्या पाणी धरणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या भिंगांवर कधीकधी कॅल्शियमचे क्षार बसतात. दर वेळी दोष बनवणाऱ्याचाच असतो असं नाही, पेशंटचे इतर आजारही कारण होतात. पण ‘हायड्रोव्ह्यू’ नावाच्या भिंगांचा शोध घेतला, तेव्हा माग पॅकिंगमधल्या सिलिकॉनच्या गॅस्केटपर्यंत गेला होता. म्हणून लॉट नंबर हवा.

काकांना आधी सांगितलं, भिंगामागच्या पातळ पडद्यावर जाळी आलीय. लेझर केला. फरक पडला नाही, उलट भिंग काढणं अवघड झालं. दुसरं ऑपरेशन झालं. आता त्या डोळ्यानं मथळे वाचता येतात, मजकूर नाही.

(दृश्य: मुलगी वाचतेय, काका डोळे मिटून ऐकताहेत.)

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असं वेगळं प्रकरण आहे. २० जुलै २०२० पासून हा कायदा लागू होत गेला. डॉक्टरांचा हात चुकला हे सिद्ध न करताही, वस्तूतल्या दोषासाठी बनवणाऱ्याकडे भरपाई मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठलीही असो. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही.

मसुदा मुलीनं टाईप केला आणि छापखान्यात वाचतात तसा मोठ्यानं वाचला, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. सिरीयल नंबरपाशी काका म्हणाले, “थांब. स्टिकर हातात घे आणि परत वाच.” आठच्या जागी तीन पडला होता. तसाच गेला असता, तर तक्रार भलत्याच भिंगाची झाली असती.

जाबदेणार, म्हणजे भिंग बनवणाऱ्या, कंपनीला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. ती आली. पहिलाच मुद्दा मुदतीचा: कायदा तक्रार करायला दोन वर्षं देतो, ती ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा. काकांचं म्हणणं, भिंगच पांढरं झालंय हे डॉक्टरांनी ज्या दिवशी कागदावर लिहिलं, त्या दिवसापासून मोजा. तोही कागद फाईलमध्ये आहे.

आता मागणी आहे ती बाटलीतले तुकडे तपासण्याची. आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाला कायद्यानं ४५ दिवस दिलेत, खर्च आधी तक्रारदारानं भरायचा. काकांनी पैसे बाजूला काढून ठेवलेत.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात. त्या पुण्यातही, स्टिकर जपून ठेवा, हे काकांना ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला दोन मिनिटं लागतात.

(दृश्य: सकाळ. भिंतीवरचं कालनिर्णय.)

उजव्या डोळ्यात त्याच मॉडेलचं भिंग आहे. ते अजून स्वच्छ आहे. रोज उठल्यावर काका डावा डोळा तळहातानं झाकतात आणि तारखेच्या चौकोनातली बारीक अक्षरं वाचून बघतात.