चार वाजता सात टोले

(पडद्यावर काळोख. फक्त लंबकाचा आवाज. हळूहळू ओटीवरची भिंत उजळते.)

हे घड्याळ माझ्या पणजोबांनी मुंबईहून बोटीने आणलं. सागवानी पेटी, काचेचं दार, तबकडीवर रोमन आकडे. दाराची काच एका कोपऱ्यात तडकली आहे, आणि लंबकाच्या पितळेवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट डाग धरलेत. अलिबाग तालुक्यातलं आमचं हे घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. इथे खिडकीचे गज गंजतात, बिजागऱ्या गंजतात, सायकलची साखळी एका पावसाळ्यात लाल होते. घड्याळ मात्र चालतं आहे.

(तबकडीवर कॅमेरा जवळ जातो. दोन भोकं दिसतात.)

तबकडीत ही दोन भोकं आहेत. उजव्या भोकात चावी फिरवली की काट्यांची स्प्रिंग भरते, डाव्या भोकात फिरवली की टोल्यांची. दर रविवारी सकाळी आजोबा स्टुलावर चढायचे आणि दोन्हीकडे मोजून चावी द्यायचे. मी नऊ वर्षांचा असताना ते महिनाभर मुंबईला दवाखान्यात होते, आणि चावी माझ्याकडे आली. मी ती फक्त उजव्या भोकात दिली. डावं भोक कशाला असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. काटे फिरत राहिले. टोले आधी मंदावले, मग थांबले. चार-पाच दिवसांनी आईच्या लक्षात आलं, तेव्हा डावीकडेही चावी दिली. घड्याळ पुन्हा बोलू लागलं, पण जिथे गप्प झालं होतं तिथून पुढे. त्या दिवसापासून आमच्याकडे चार वाजता सात टोले पडतात.

कारण साधं आहे. या जातीच्या घड्याळात टोले मोजणारं एक वेगळं चाक असतं. त्याच्या कडेला खाचा असतात, आणि दोन खाचांमधलं अंतर वाढत जातं: एका टोल्यापुरतं, दोन टोल्यांपुरतं, असं बारापर्यंत. बारा तासांत एकूण 78 टोले. काटे कुठे आहेत हे त्या चाकाला माहीत नसतं. मोठा काटा बारावर आला की एक तरफ उचलली जाते आणि चाक आपल्या पुढच्या खाचेपर्यंत वाजवत सुटतं. आधी सहा वाजवले होते, आता सात.

आजोबा परत आले. ती तरफ बोटाने उचलत टोले पुढे सरकवले असते तर पाच मिनिटांत सगळं जुळलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. चारला सात टोले पडले की मला हाक मारून अंगणात न्यायचे आणि म्हणायचे, "आता तू सांग बघू, किती वाजलेत?" मग मी पोफळीच्या सावल्या बघायचो, खाडीचं पाणी बघायचो, शाळेतून परतणारी पोरं बघायचो आणि अंदाज सांगायचो. वेळ बघायला मी असा शिकलो.

(पितळेचं घंगाळ. पाण्यावर तांब्याची लहान वाटी तरंगते आहे.)

पणजोबांच्या आधी या घरात वेळ अशी मोजली जायची. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्यावर सोडली की छिद्रातून पाणी आत चढतं, वाटी जड होत जाते आणि शेवटी बुडते. वाटी बुडली की एक घटका झाली. एका दिवसरात्रीत ती साठ वेळा बुडली पाहिजे, असं सूर्यसिद्धान्तात सांगितलं आहे. म्हणजे घटका 24 मिनिटांची. घटकेची साठ पळं, पळ 24 सेकंदांचं. अडीच घटका भरल्या की एक तास. तास हा शब्दही मूळचा वाजवण्याच्या काशाच्या थाळीचा. थाळी गेली आणि वेळेचं माप तेवढं तिच्या नावाने मागे उरलं.

वाटी बुडताना मी जवळून पाहिली आहे. काठ पाण्याला टेकतो, क्षणभर पाणी काठावर फुगून थांबतं, आत शिरत नाही. मग एकाएकी शिरतं. लग्नघरात भटजी घंगाळाशी बसून याच क्षणाची वाट बघायचे, म्हणून आपण आजही म्हणतो, घटका भरली. आणि पाहुण्याला म्हणतो, घटकाभर टेका. वाटी माळ्यावर गेली, तरी तिचं माप बोलण्यात राहिलं.

(खाडीकाठ. ओहोटी. चिखलात कलंडलेली होडी.)

पण किनाऱ्यावरचं सगळ्यांत जुनं घड्याळ हे, समोरचं.

आमच्या धक्क्यावर एक म्हातारा नाखवा होता. मनगटावर घड्याळ कधी बांधलं नाही. भरती कधी, विचारलं की उलट विचारायचा, "आज तिथ कुठली?" चतुर्थी म्हटलं की बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, तीन. अष्टमी म्हटलं की सहा. हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा. चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला आणि अवसेला सव्वाअकराच्या पुढे. त्या वेळेला पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी सुकती. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर अलिबागकर आजही हाच हिशोब मांडतात. फक्त अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीचं पाणी असतं, ते पुरतं ओसरत नाही. उधाणाच्या दिवसांत मात्र सुकतीला किल्ल्यापर्यंतचा खडक उघडा पडतो. किनाऱ्याने दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी लवकर लागते, म्हणून रत्नागिरीकडे हे गणित जरा मागे ओढून घ्यावं लागतं.

पाऊण तास हे सोयीचं माप. नीट मोजलं तर चंद्रामुळे भरती एका तिथीमागे सरासरी 48 मिनिटांनी पुढे सरकते. 48 मिनिटं म्हणजे दोन घटका, म्हणजेच एक मुहूर्त. तीस तिथींत तीस मुहूर्त सरतात, दिवसरात्रीचा एक फेरा पुरा होतो आणि भरती पुन्हा आपल्या जुन्या वेळेवर येते. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसता धक्क्यावर जाऊन बसलो होतो. घंगाळातली वाटी आणि खाडीतलं पाणी एकाच पाढ्यात बसत होतं.

(समुद्र. क्षितिजावर एक जहाज.)

दूरच्या दर्यात मात्र एवढ्याने भागत नाही. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. निघाल्या बंदरात किती वाजलेत हे कळलं, तर जहाजावरच्या उन्हाशी ताडून आपण पूर्वपश्चिम कुठे आहोत ते काढता येतं. 1656 साली हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ केलं, पण हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचा उपयोग नव्हता. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने या एका प्रश्नापायी आयुष्य घालवलं. 1761 मध्ये त्याचं चौथं घड्याळ जमैकाच्या सफरीवर निघालं आणि 81 दिवसांत जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. पुढे अशी घड्याळं मुंबई बंदरात येऊ लागली, आणि 1826 साली मुंबईतल्याच कुलाब्याला वेधशाळा उभी राहिली तीही आकाशाचे वेध घेऊन जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. तिचं चुंबकीय काम पुढे 1904 साली आमच्या अलिबागला आलं, कारण मुंबईत विजेच्या ट्राम धावणार होत्या आणि त्यांच्यापुढे सुईचं काही चाललं नसतं. लहानपणी त्या कुंपणावरून जाताना मला वाटायचं, आत काहीतरी गुपित ठेवलं आहे.

(अंगणातली काठी. तिची आखूड सावली.)

आता या काठीकडे बघा. मोबाईलमध्ये बारा वाजलेत. सावली अजून पश्चिमेकडे झुकलेली आहे.

आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत. सूर्य आधी तिथे माथ्यावर येतो आणि मग जवळपास 39 मिनिटांनी आमच्या अंगणात. पूर्वी मुंबईची वेळ वेगळीच होती, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, साडेपाच तासांची. मुंबई महापालिकेने ती मानली नाही. एकाच शहरात स्टेशनवर एक वेळ आणि मंडईत दुसरी, असं 1955 पर्यंत चाललं. आजोबा तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. ते सांगायचे, भेटायची वेळ ठरली की पहिला प्रश्न असायचा, कुठली वेळ?

आगगाडीला एकच वेळ लागते, हे मला पटतं. तरी त्या 39 मिनिटांसाठी माझा जीव तुटतो. ती आमच्या उन्हाची होती. फेब्रुवारीत इथे खरी दुपार होते 12 वाजून 53 मिनिटांच्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12 वाजून 22 मिनिटांना. मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की त्या क्षणी काठीची सावली तिच्याच पायाखाली जाते. भिंतीवरच्या घड्याळाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

(रात्र. कंदिलाच्या उजेडात कागदावर पेन्सिलने काढलेली तबकडी.)

म्हणून मी नऊ वर्षांचा असल्यापासून एक जादूचं घड्याळ काढत आलो आहे. कागद बदलले, घड्याळ तेच.

त्याला चावी लागत नाही. या स्वप्नाचा मान माझ्याकडे नाही. 628 साली ब्रह्मगुप्ताने आणि 1150 मध्ये भास्कराचार्यांनी आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं आहे. पोकळ आऱ्यांत पारा भरायचा, तो एका बाजूला ओघळत राहील आणि चाक फिरत राहील. असं चाक अखंड फिरू शकत नाही, हे आज शाळेतलं मूलही सांगेल. पण माझ्या कागदावर ते फिरतं, आणि पाऱ्याऐवजी त्यात खाडीचं पाणी आहे.

त्याचा एक काटा उन्हाचा, तो बारावर येतो तेव्हा आमच्याच काठीची सावली सर्वांत आखूड असते. दुसरा काटा चंद्राचा, रोज दोन घटका रेंगाळणारा. तबकडीवर आकडे नाहीत. झुंजुमुंजू, न्याहारी, उन्हं डोक्यावर, दिवेलागण, निजानीज, एवढेच शब्द गोल लिहिलेले आहेत. टोले पडायचे ते पाणी चढून थांबतं तेव्हा आणि उतरून थांबतं तेव्हा.

मोठेपणी कळलं, की याचा अर्धा भाग खरोखर बनला होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1872 च्या सुमारास भरती-ओहोटीचं भाकीत करणारं यंत्र केलं. 1879 मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी तसं एक खास यंत्र तयार झालं. चंद्राच्या ओढीसाठी एक चाक, सूर्याच्या ओढीसाठी एक, चंद्र जवळ-लांब होतो त्यासाठी आणखी एक, अशी कितीतरी पितळी चाकं, आणि त्या सगळ्यांवरून गेलेली एकच तार. मूठ फिरवली की तार खालीवर होई आणि कागदावर पुढच्या वर्षाच्या भरतीची रेघ उमटे. नाखव्याच्या पेरांवरचं गणित, पितळेत ओतलेलं. ते त्याला दाखवायला मिळालं असतं तर त्याने आधी तार ओढून पाहिली असती, तुटते का म्हणून.

माझ्या घड्याळाला एक गोष्ट जास्त येते. त्याचे काटे मागे फिरवता येतात. थोडे फिरवले की चौलच्या बंदरात गलबतं दिसतात. खूप फिरवले की दिवस आखूड होत जातो. हा भाग कल्पनेचा नाही. भरतीचं पाणी समुद्राच्या तळाला घासत जातं आणि पृथ्वीच्या फिरण्याला सावकाश खीळ घालतं. शंभर वर्षांत दिवस साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो, आणि चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातो. पुरातन प्रवाळांच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेघा आहेत. त्या मोजल्या तर सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या एका वर्षात 400 च्या आसपास दिवस भरतात. समोर शेवाळावरून सरसर चढत येणारं हे पाणी या कामातला आपला वाटा रोज दोनदा उचलतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळं, ज्यांच्यावरून देशाची वेळ लागते, ती सेकंद मोजतात सीझियम अणूच्या 9,192,631,770 आंदोलनांचा, कारण पृथ्वीच्या फिरण्यावर तेवढी भिस्त ठेवता येत नाही.

(ओटी. दुपारची उन्हं तिरपी आली आहेत. एक मुलगी स्टुलावर चढून चावी देते, आधी उजव्या भोकात, मग डाव्या.)

ही माझी पुतणी. तिला दोन्ही भोकं दाखवली आहेत. ती मला विचारते, "काका, टोले नीट करायचे का?" तरफ कुठे आहे तेही मी तिला दाखवलं. बोट जवळ नेऊन तिने पुन्हा मागे घेतलं.

आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार.

(खाडी. पाणी काठोकाठ, थबकलेलं. धक्क्याशी बांधलेली होडी हलत नाही. घरातून टोले ऐकू येतात. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. मुलगी अंगणात येऊन पाण्याकडे बघते.)

"चार," ती म्हणते.