कर्णनाद: ‘सवय करून घ्या’ म्हणजे नेमकं काय करा?

मित्रहो, कुणाच्या कानात शिट्टी वाजते, कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला नुसती घूंऽ घूंऽ. बाहेर काहीच वाजत नसतं. हाच कर्णनाद. सगळ्या तपासण्या झाल्या की बहुतेकांना ऐकावं लागतं, ‘याला औषध नाही, सवय करून घ्या.’ या वाक्याचा मला राग येतो. कर्णनाद हमखास घालवणारी गोळी नाही, हे खरंच आहे. जिंको या झाडाचा अर्क, झिंक, मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसातज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्येच सांगितलं. पण सवय करायची कशी, ते शिकवायचं कुणी? ते आपण, उपचार करणाऱ्यांनी, शिकवायचं.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला! म्हणजे आवाज असणं वेगळं आणि त्याने जीव नकोसा होणं वेगळं. मेंदू त्या आवाजाला धोका समजला, की लक्ष तिथेच खिळतं, धास्ती वाढते, झोप उडते. हे चक्र सैल करता येतं.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत जेम्स हेन्री आणि सहकाऱ्यांनी पाच पायऱ्यांची पद्धत बसवली. तिची तिसरी पायरी म्हणजे कौशल्यांचे वर्ग: दोन श्रवणतज्ज्ञाचे, तीन मानसतज्ज्ञाचे. मला त्यातला एक साधा कागद फार मोलाचा वाटतो. त्यावर रुग्ण स्वतः लिहितो, त्रास सर्वांत जास्त कधी होतो. समजा लिहिलं, ‘रात्री अंथरुणावर पडल्यावर.’ मग पुढे तो ठरवतो, त्या वेळी काय ऐकायचं: मन निववणारं, नुसतं मागे चालू राहणारं, की लक्ष गुंतवणारं? निवडतो पावसाचा आवाज, मोबाइलवर, हळू. आठवडाभर करून पाहतो आणि किती उपयोग झाला ते समोर लिहितो. नाही झाला तर आवाज बदलतो. पेन त्याच्याच हातात राहू द्या. ‘तुम्ही हे ऐका’ असं आपण सांगितलं, की ते आपलं औषध होतं, त्याचं कौशल्य होत नाही.

आणि कर्णनाद दुसऱ्या मोठ्या आवाजात बुडवायचा नाही. शांत खोलीत टिकटिक डोक्यात जाते, वर्दळीत तेच घड्याळ जाणवतही नाही. तेवढाच फरक आपल्याला हवा आहे. म्हणून शांत घरात कानात बोळे घालून बसू नका, असं रुग्णाला सांगा. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्राचाही आधार होतो.

विचारांचं काम जास्त अवघड आहे. ‘हा आवाज मला वेडं करणार’ हा विचार आला, की तो लिहून काढायचा आणि पुरावा काय, ते तपासायचं. सोबत श्वासाचा सराव. अशा विचार-वर्तन उपचारांनी आवाज सहसा कमी होत नाही, पण जाच कमी होतो; हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र वर्ग नाही, त्याच दिवशी डॉक्टर. एकाच कानात आवाज असेल किंवा नाडीच्या ठोक्यावर धडधडत असेल, तर आधी तपासणी. जगणंच नको असं कुणी बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

पुढच्या भेटीला तो कागद आणायला सांगा. ‘आवाज कमी झाला का?’ असं विचारू नका, लक्ष पुन्हा तिथेच जातं. झोप कशी लागली, वाचन सुरू झालं का, कुठे जायचं टाळलंत का, हे विचारा.