ताट धुतलेले पाणी जाते कुठे?

दुपारची खिचडी संपली आहे. जिल्हा परिषदेच्या या प्राथमिक शाळेत नळाशी ताटांची रांग लागली आहे. नळाखालचे पाणी गटारात न जाता एका चरात उतरते आणि त्या चराच्या तोंडाशी जाळी बसवलेली आहे. दुसरीतली एक मुलगी जाळीत अडकलेली शिते बोटांनी गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकते. पाणी पुढे परसबागेत जाऊन केळी आणि अळूच्या वाफ्यात मुरते.

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले. महाराष्ट्रातली मुले तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ शिकत आली आहेत. पण ‘पाणी जपून वापरा’ हे वाक्य सात-आठ वर्षांच्या मुलाला परीक्षेपुरते पाठ होते, आणि स्वतःच्या हाताने वाफ्यात वळवलेले पाणी त्याच्या कायमचे लक्षात राहते, हे आम्हाला येथे वावरताना पुन्हा पुन्हा जाणवले.

चौथीच्या वर्गात हेच पाणी गणित होऊन येते. नळाखाली बादली ठेवून मुलांनी मोजले, तेव्हा एका ताटामागे सुमारे एक लिटर पाणी भरले. पटावर साठ मुले आहेत, आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस वर्षाला किमान २०० असतात. फळ्यावर उत्तर उतरते: १२,००० लिटर. ज्या गावाने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, तिथल्या मुलांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ही रीत आजची नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी शाळा पाड्याच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर भरवली, आणि शिकवण्याचे साहित्यही बिया, पाने, शिंपले, खडे असे भोवतालातूनच घेतले. कोणता पाला गुरे खातात आणि कोणता कंद कडू, हे अशा मुलांना शाळेत येण्याआधीच ठाऊक असते. या विषयात मूल कोरे येत नाही. त्याला आधी विचारावे आणि मग शिकवावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

खरी कसोटी मे महिन्यात लागते. ५ जूनला पर्यावरण दिन येतो, तेव्हा राज्यातल्या बहुतेक शाळांना सुट्टी असते. वृक्षारोपण जुलैत होते, छायाचित्रे निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात, शाळेला कुलूप असताना, कितीतरी रोपे वाळून जातात. सुट्टीत ताटेच नसतात, त्यामुळे चरही कोरडा पडतो. म्हणून इथे पाळ्या लावल्या आहेत. जवळपास राहणारी मुले आठवड्यातून दोनदा घरून कळशी आणतात, शेवग्याच्या आळ्यात ओततात आणि वर पालापाचोळा पसरतात. पाळीची वही खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली आहे. तिच्या एका पानावर पेन्सिलीने लिहिले आहे: ‘आज कळशी अर्धीच. घरी पाणी आले नाही.’