स्वमग्नतेचे संशोधन: आईला दोष देण्यापासून आईची मदत घेण्यापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मूल स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, असे निदान झाले की आजही अनेक घरांत पहिला संशय आईवर घेतला जातो. ती नोकरी करते, मुलाशी पुरेसे बोलत नाही, तिनेच त्याच्या हाती मोबाइल दिला, असे कोणी ना कोणी तिला सुनावतेच. या संशयाला एके काळी खुद्द वैद्यकशास्त्रातच थारा होता. म्हणूनच तो कसा आला आणि संशोधनाने तो कसा खोडून काढला, हे आज सांगावेसे वाटते.

१९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची बारकाईने केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले आपल्यातच रमत, रोजच्या क्रमातील लहानसा बदलही त्यांना खपत नसे, आणि काहींना शब्द येत असूनही ते दुसऱ्याशी बोलण्यासाठी फारसे वापरले जात नसत. ही स्थिती जन्मजात असावी, असे कॅनर यांनी स्पष्ट लिहिले होते; परंतु या मुलांच्या आईवडिलांत खरोखर मायाळू माणसे फार थोडी आहेत, असेही त्यांनी त्याच लेखात नोंदवले. पुढच्या दोन दशकांत लोकांनी पहिले विधान बाजूला ठेवले आणि दुसरे उचलून धरले. आईच्या कोरडेपणामुळे मूल आपल्या कोषात जाते, हे मत शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्या लेखकांनी इतके लोकप्रिय केले की असंख्य माता अपराधीपणाचे ओझे घेऊन जगल्या.

त्याला पुराव्यानिशी उत्तर मिळाले ते जुळ्यांच्या अभ्यासातून. सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमधील एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा एकसारख्या जुळ्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. उरलेल्या दहा भिन्न जुळ्यांत अशी एकही जोडी नव्हती. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांचे घर एक, आई एक आणि वाढही एकत्रच; जनुके मात्र एकसारख्या जुळ्यांचीच जवळपास तंतोतंत सारखी असतात, भिन्न जुळ्यांची नसतात. मग एवढा फरक का पडावा? उत्तर आनुवंशिकतेकडे बोट दाखवत होते. नंतरच्या संशोधनाने एकच एक जनुक नव्हे, तर अनेक जनुके यात गुंतलेली असल्याचे दाखवले आहे.

यानंतर प्रश्न उरला तो, हे वेगळेपण नेमके कधीपासून दिसू लागते, हा. १९९४ मध्ये ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी त्यासाठी एक साधी युक्ती केली. मुलांच्या पहिल्या वाढदिवसाला घरच्यांनी केलेले चित्रीकरण त्यांनी मागवून घेतले. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेली मुले त्या समारंभात माणसांच्या चेहऱ्याकडे कमी पाहत होती, वस्तू दुसऱ्याला दाखवत नव्हती आणि हाक मारल्यावर फारशी वळत नव्हती. २०१३ मध्ये अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांनी तान्ह्या बाळांची नजर यंत्राने मोजली. पुढे निदान झालेली बाळे दुसऱ्या महिन्यात समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत होती. मात्र दोन ते सहा महिन्यांच्या काळात ते पाहणे उतरणीला लागले होते.

पालकांच्या लक्षात हे सारे बहुधा दुसऱ्या वर्षी येते, आणि लसीही त्याच सुमारास टोचल्या जातात. त्यामुळे लशीनेच मूल स्वमग्न झाले, असा संशय येतो. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीवर असा आळ घेणारा १९९८ चा लेख अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता आणि तो प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या; ही लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. हा विषय एवढ्यावरच सोडतो.

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे वळू. तेथील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून, पालकांच्या मदतीने मुलाचा संवाद वाढवण्याच्या एका पद्धतीची केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट स्वमग्न मुलांचा तीत समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठका घ्यायच्या आणि त्या मुलाबरोबर नव्हे, तर मुख्यतः पालकाबरोबर, अशी ही पद्धत.

समजा, मूल डब्याची झाकणे एकामागून एक फिरवत बसले आहे. आई शेजारी बसून विचारते, ‘हा कुठला रंग? सांग ना, कुठला रंग?’ मूल तोंड फिरवते. हा खेळ चित्रित केला जातो आणि नंतर कार्यकर्ती व आई तो एकत्र पाहतात. मुलाने ओझरते का होईना, आईकडे पाहिले, त्या क्षणी चित्र थांबवले जाते: त्या वेळी आई काय करत होती? बहुधा ती गप्प असते, किंवा ‘फिरलं, फिरलं!’ एवढेच म्हणालेली असते. मग प्रश्न कमी करायचे, मुलाचे लक्ष जिथे आहे तिथे आपण जायचे आणि त्याच्या पुढाकाराची वाट पाहायची, हे आई स्वतःच्याच चित्रणातून शिकते.

चाचणीत पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीला अधिक जुळू लागला आणि मुले आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. परंतु दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र टिकण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट काहीसा घटला, आणि संशोधकांनी तेही छापले. मला या अभ्यासाचा विश्वास वाटतो तो यामुळेच. स्वमग्नता बरी करण्याचा दावा त्यात कुठेही नाही. अशा दाव्यांसह महागडे उपाय विकणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले होते’ असे म्हणून थांबू नये. प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येण्यानेही असेच दिसू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला मुलाच्या वाढीविषयी विचारता येते, आणि हे पथक गरजेनुसार मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. मुलाशी त्याच्या कलाने खेळायला मात्र निदानाचा कागद हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. नमस्कार.