खसखशीएवढी गोचीड

(दृश्य: बोरिवली, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. वनमजूर गवत कापताना.)

मुंबईतलं हे जंगल शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय. इथल्या वनमजुराला सगळे विचारतात ते बिबट्याबद्दल. आपण जरा त्याच्या पायांकडे बघू. पाऊस सरला की वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढायच्या, म्हणजे दिवसभर कमरेएवढ्या गवतात राबायचं. गोचीड असते ती अशाच गवतात. पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते आणि अंग घासून गेलं की चिकटते. पिल्लू तर खसखशीएवढं. चावा दुखतही नाही.

(दृश्य: गवताच्या पात्यावर गोचीड, अगदी जवळून.)

अमेरिकेतल्या लाइम गावात 1975च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले. त्यामागचा गोचिडीतला जिवाणू शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांनी शोधला. 1982 मध्ये तो जगासमोर आला. हा लाइम आजार मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोपातला. जर्मनी, फ्रान्स, पोलंडमध्ये जंगल कामगाराला तो झाला, तर कामामुळे झालेला आजार म्हणून त्याची नोंद होऊ शकते. ही नोंद फार मोलाची आहे. तिच्यामुळे उपचाराचा खर्च एकट्या मजुराच्या माथी पडत नाही.

आपल्याकडे गोचिडीतून येतो तो माकडताप. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. काजूच्या बागांत राबणारी, रानात लाकूडफाटा गोळा करणारी माणसं आजारी पडली. हा ताप साधारण डिसेंबर ते मे या काळात येतो. त्यातल्या एप्रिल-मेमध्ये मुंबईचा चाकरमानी गावी असतो, काजू-आंब्याच्या दिवसांत.

(दृश्य: वनचौकी, संध्याकाळ. मजूर मोजे काढतोय.)

पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, कानामागे नीट बघा. गोचीड दिसली तर रॉकेल नको, विडीचा चटकाही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. लाइमचा जिवाणू अंगात जायला बहुधा चोवीस तासांहून जास्त लागतात, पण माकडतापासाठी एवढ्या सवलतीवर विसंबू नका.

मुंबईत ताप म्हटलं की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या तपासण्या होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण डॉक्टर बऱ्याचदा विचारत नाहीत, "काम काय करता?" त्यांनी विचारलं नाही तरी आपणच सांगायचं: "साहेब, मी जंगलात काम करतो. गोचीड चावली होती."