गुलाबी रंगाचा साक्षीदार

नमस्कार, श्रोतेहो. आज चार्ल्स ब्लूमफील्ड या न्यूझीलंडच्या चित्रकाराविषयी बोलायचं आहे.

जन्म लंडनचा, १८४८ सालचा. १८६३ मध्ये आईबरोबर तो न्यूझीलंडला आला. ऑकलंडमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवणं आणि घरांच्या सजावटीची कामं करणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. कलाशाळेची पायरी तो चढलाच नाही. रानात, डोंगरात हिंडायचं आणि समोर दिसेल ते रंगवायचं, असं करत तो निसर्गचित्रकार झाला.

न्यूझीलंडमधल्या रोटोमहाना सरोवराच्या काठी तेव्हा सिलिकाच्या, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाच्या, पायऱ्यांचे दोन प्रचंड उतार होते, एक पांढरा, एक गुलाबी. वरच्या झऱ्यातलं उकळतं पाणी खाली ओघळताना निवायचं, त्यात विरघळलेली सिलिका थरावर थर चढवायची आणि मधल्या कुंडांत निळं पाणी साचायचं. ही भूमी तुहोरांगी जमातीची; हे माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. पाहुण्यांना होडीतून नेणारे, वाट दाखवणारे तेच.

१८८५ मध्ये ब्लूमफील्ड आठ वर्षांच्या मेरीला, आपल्या मुलीला, घेऊन तिथे गेला आणि सहा आठवडे तंबू ठोकून राहिला. बाकीचे प्रवासी बघून परतायचे. हा मात्र त्याच पायऱ्यांसमोर बसून होता. सकाळचा गुलाबी वेगळा, कलत्या उन्हातला वेगळा. हे कळायला तेवढा मुक्काम हवाच.

पुढच्याच वर्षी, १० जून १८८६ ला मध्यरात्रीनंतर, जवळचा तारावेरा ज्वालामुखी फुटला. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक माओरी. गावं राखेखाली गाडली गेली, पायऱ्या दिसेनाशा झाल्या. वाचलेल्या तुहोरांगींपैकी बरेच जण रोटोरुआजवळच्या व्हाकारेवारेवा या गावी जाऊन राहिले. त्यांच्या या नुकसानीबद्दल बोलल्याशिवाय या चित्रांची गोष्ट मला पुरी वाटत नाही.

स्फोटानंतर ब्लूमफील्ड परत गेला आणि ती उजाड भूमीही त्याने रंगवली. पायऱ्यांच्या चित्रांना मागणी इतकी वाढली की तो वर्षानुवर्षं त्यांच्या नव्या प्रती करत राहिला. या पुनरावृत्तीत कुणाला धंदा दिसेल. मला ते फार मोलाचं काम वाटतं. त्या काळचे फोटो कृष्णधवल. पायऱ्यांचा आकार त्यांत आहे, पण तो गुलाबी रंग पाहायचा तर चित्रांकडेच वळावं लागतं. आणि ब्लूमफील्डने तो प्रत्यक्ष समोर बसून टिपलेला होता.

१९२६ मध्ये तो वारला. वेलिंग्टनला कधी गेलात, तर ‘ते पापा’ नावाच्या संग्रहालयात त्याच्या पायऱ्यांची चौकशी जरूर करा.